अप्पांचा पांगऱ्याचा मासा

शिल्पे, असशील तिथं बस, पण कान इकडं कर. जरा जवळ सरक. रागावलेय मी तुझ्यावर, आणि ते आधी बोलून टाकते, म्हणजे पुढचं नीट सांगता येईल. बीडहून परळीला जाणारी तुझी बस वडवणीच्या स्टँडवर चांगली चहा पिण्याइतकी थांबली होती. माझं बांगड्यांचं दुकान तिथून हाकेच्या अंतरावर. आणि बाईसाहेबांचा फोन येतो कुठून, तर सिरसाळ्यातून! "मावशी, डोळाच लागला गं, वडवणी मागं गेली." लागला असेल, मी कुठं न्हाई म्हणते. पण त्याच फोनवर तू सहज विचारलंस, "तुझ्या शेजारचे दोरीवाले अप्पा अजून मासे कोरतात का?" आणि मी गिऱ्हाईक आलंय म्हणून फोन ठेवून दिला. अप्पा जाऊन उन्हाळा उलटून गेला, पोरी. तुला कुणी कळवलं नाही, हेही खरंच. म्हणून म्हटलं, आता लिहूनच काढावं. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं वाचणं मी पावडरीच्या नि कुंकवाच्या डब्यांवरून शिकले, तेव्हा बोलते तशीच लिहिणार. सांभाळून घे.

अप्पा म्हणजे विश्वनाथअप्पा. लिंगायत वाणी, आणि धंदा दोरखंडाचा. कासरे, दावी, म्होरक्या, सुतळी, जाळ्याचं सूत, सगळं छतापासून लोंबकळत असायचं. लहानपणी तू त्यातल्याच एका कासऱ्याचा झोका केला होतास आणि अप्पांनी तुला खाली उतरवण्याऐवजी गिऱ्हाइकाला दुसरा कासरा दिला होता. आमच्या दोन दुकानांत एक पत्र्याची भिंत. माझ्याकडं एखादी बाई बांगड्यांच्या भावावरून घासाघीस करायला लागली की पत्र्यापलीकडून आवाज यायचा, "घे की माय, त्या शांताबाईलाबी घर हाय." बाई लाजून घ्यायची. घाईचं गिऱ्हाईक आलं तर अप्पा त्याला सरळ माझ्याकडं पाठवत. म्हणत, "घाई हाय का? मग शेजारी जा. तिथं टिकली मिळंल, लगीच चिकटती."

पांढरं धोतर, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत शिवलिंग. घरात अंड्याचं नावसुद्धा निघायचं नाही. आणि हा माणूस पांगऱ्याच्या लाकडाचे मासे कोरायचा. तुला तेव्हा ती खेळणी वाटायची. खेळणी नव्हती ती. धरणावर गळाच्या काठीला बांधून पाण्यातून ओढायचे मासे होते. मरळीला वाटतं खरा मासा पळतोय, ती झडप घालते.

हे सुरू झालं रंगूमुळं. रंगनाथ भोई, धरणाकडच्या वस्तीवरचा, अप्पांकडून जाळ्याचं सूत न्यायचा. एकदा त्यानं मोडलेला प्लास्टिकचा मासा आणला आणि बांधायला बारीक तार हाय का म्हणून विचारलं. अप्पांनी तो हातात घेऊन खालून वरून बघितला.

"हा मासा न्हाई बे," म्हणाले, "हा साबण हाय."

रंगू काही कमी नाही. तो म्हणाला, मग तुमी करून दावा. झालं. दुकानामागं पांगऱ्याचं खोड पडलं होतं, अप्पा चाकू घेऊन बसले. पहिला मासा जनावरांच्या हौदात सोडला तर पोट वर करून तरंगला. दुसरा तळाला गेला. अप्पा एवढे चिडले की दर सोमवारी महादेवाला जायचे ते दर्शन झाल्यावर बारवेच्या पायरीवर बसून पाण्यातले मासे न्याहाळायला लागले. पुजाऱ्याला वाटलं, अप्पांचं ध्यान वाढलं. पुढं त्यांचा मासा असा झाला की दोरी लावून ओढला की शेपूट डाव्या-उजव्या अंगाला टाकत चालायचा. 'पळतो' नाही म्हणायचे ते, 'चालतो' म्हणायचे. आणि आपण होऊन कधी चांगला झालाय असंही म्हणायचे नाहीत. म्हणायचे, "आता पाण्यानं सांगावं." पण हे नम्रपणानं नव्हतं बरं का. दाव्याला आलेल्या शेतकऱ्याला आधी मासा बघावा लागायचा, तोंडभर वाखाणावा लागायचा, मग दावं मिळायचं.

गळ मात्र त्यांनी कधी लावला नाही. माशाच्या पोटाला तारेची कडी बसवून द्यायचे आणि रंगूला म्हणायचे, मासा माझा, गळ तुझा. त्यांची बायको महानंदाकाकू तर त्याहून कडक. लाकडाचा असला तरी मासा दुकानातून घराच्या उंबऱ्याआत येता कामा नये. अप्पा जेवायला आत जायचे तर आधी राखेनं हात घासायचे, मग लिंबानं, मगच काकू ताट वाढायच्या. वाढताना त्यांच्या हाताकडं बघायच्या.

मग अप्पांचा हात हलायला लागला. आधी चहाची बशी वाजायची, मग सुताची गाठ सुटेना. बीडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी थोडं बरं वाटायचं, पण चाकू धरला की थरथर यायचीच. धरणावरनं तर मागणी वाढलेली. रंगू दारात येऊन बसायचा, मासा मागायचा नाही, नुसता बसायचा. मधल्या काळात तो पुण्याकडं एका गणपतीच्या कारखान्यात साचे करायच्या कामाला जाऊन आला होता. एक दिवस तो म्हणाला, अप्पा, एकच मासा करा, पण शेवटच्या हातापर्यंत नीट. त्याचा रबराचा साचा काढू. मग साच्यातून कितीबी निघतील, तुमचाच मासा, तुमच्याच चालीचा.

अप्पांना हे आवडलं नाही. साच्यातला मासा म्हणजे पुन्हा साबणच की, असं त्यांचं म्हणणं. पण रात्री त्यांनी त्याचा विचार केला असावा. सकाळी पत्र्यापलीकडून मला म्हणाले, "शांताबाई, हात तर राहत न्हाई. मासा तरी राहावा." एवढंच. त्या दिवशी मला कळलं की ही गंमत राहिलेली नाही, या माणसाला आपली चाल मागं ठेवायची आहे.

कारखान्यात त्या पहिल्या मूळ नगाला मास्टर म्हणतात, असं रंगूनं सांगितलं. अप्पांना तो शब्द पटला नाही. त्याच्या पोटी पुढची सगळी पिढी, तर तो मूळपुरुष, असं त्यांनी ठरवलं, आणि आम्ही सगळे तसंच म्हणायला लागलो.

थरथरत का होईना, अप्पांनी मूळपुरुष कोरला, आणि मग त्याचे लाड किती सांगू तुला. साचा म्हणे सगळं उचलतो. लाकडाचं एक छिद्र, चाकूचा एक ओरखडा, धुळीचा एक कण, जे असेल ते पुढच्या प्रत्येक माशावर उमटणार. पांगरा तर भेंडासारखा, छिद्रंच छिद्रं. म्हणून आधी पॉलिश पेपरनं घासायचं, मग छिद्रांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वाळली की पुन्हा घासायचं, आणि वरून नेलपॉलिश. बिनरंगाचं. माझ्या दुकानातलं. अप्पा नेलपॉलिशच्या बाटल्या नेतात ही बातमी बाजाराच्या दिवशी गावभर झाली, आणि लोकांनी काय म्हणायचं ते म्हटलंच, की अप्पा म्हातारपणी काकूला नटवायला निघाले. अप्पांनी त्यांना उलट सांगितलं, "कावून, तुमच्या पोटात दुखतंय का?" काकूंनी मात्र आठवडाभर माझ्या दुकानात पाऊल टाकलं नाही.

घासून झालं की अप्पा कापसाचा पुंजका माशावरनं अलगद फिरवायचे. एक तंतू जरी अडकला तरी तिथं खरखर हाय, पुन्हा घासा. हे त्यांचं त्यांनीच काढलेलं. कडीची भोकं मेणानं बुजवली, तारा काढून टाकल्या.

कल्ल्यांवरून मात्र भांडण झालं. अप्पांनी कल्ले खोल कोरले होते, त्यांचा सगळा ताठा त्या कल्ल्यांत होता. रंगू म्हणाला की रबर आत शिरंल आणि निघताना फाटंल, कल्ले भरून घेऊ.

"माझ्या माशाचा श्वास बंद करतो का बे?" अप्पा म्हणाले आणि मासा धोतराच्या सोग्यात बांधून आत निघाले. उंबऱ्याशी आठवलं तेव्हा परत आले, मासा माझ्याकडं ठेवायला दिला, आणि मग गेले.

रुसवा किती चालला विचारू नकोस. शेवटी एका दुपारी माझ्याकडं येऊन कणीक मागितली. मला वाटलं काकू आजारी. तर यांनी कणकेचा गोळा माशाच्या गालावर दाबला आणि ओढून बघितला. अडकला. मग कल्ल्याची आतली कड थोडी बाहेरच्या अंगाला कलती केली, पुन्हा दाबला. असं करत करत कणीक सुटून आली आणि कल्ला होता तेवढाच खोल दिसला. रंगूला बोलावून दाखवलं. रंगूनं कान पकडले. त्या कणकेच्या पोळ्या मी कुणाला घातल्या नाहीत, एवढं लिहिते.

साच्याचा दिवस उजाडला. नाकापासून पाठीवरून शेपटीपर्यंत आणि पोटाकडून परत नाकापर्यंत काजळाच्या पेन्सिलनं रेघ मारली, म्हणजे साच्याच्या दोन फाका कुठं होणार ते कळलं. त्या रेघेपर्यंत मासा शाडूत आडवा निजवला. भोवती पुठ्ठ्याची भिंत, वरून रबर ओतलं. ते घट्ट झाल्यावर उलटं केलं, शाडू काढली. आता दुसरी फाक. त्याआधी पहिल्या रबरावर व्हॅसलीन लावायचं, नाहीतर रबराला रबर चिकटतं. व्हॅसलीनची डबी मीच आणून ठेवली होती. पण अप्पा तो हौदातला पोट वर केलेला मासा कसा दिसत होता ते स्वतः मान टाकून करून दाखवत होते, रंगू हसून हसून लोळत होता, आणि हसता हसताच त्यानं दुसरं रबर ओतलं. डबी तशीच. झाकणसुद्धा उघडलं नव्हतं.

रबर घट्ट झालं तेव्हा दोन फाकांची एकच वीट झालेली. रंगूनं पात्यानं कापत कापत मासा बाहेर काढला, तर शेपूट मोडलेली आणि पोटाला चीर. रंगू तिथंच खाली बसला. "अप्पा, चूक माझी." अप्पांनी मोडकी शेपूट उचलून माशाला जुळवून बघितली. म्हणाले, "हसवलं कुणी तुला? मीच ना."

नवा मासा कोरायचा तर हात आणखी बिघडलेला. एकाचं नाक उडालं, एकाचा गाल कापला गेला. पांगऱ्याचे तुकडे दुकानाच्या कोपऱ्यात साठायला लागले. एक दिवस त्यांनी चाकू पुसून फडक्यात गुंडाळला आणि रंगूला सांगितलं, "जा, प्लास्टिकचा घे. तोबी पोहतोच की." हे अप्पांच्या तोंडून आलं, शिल्पे. मी पत्र्याअलीकडं होते, माझ्या हातातली बांगडी फुटली.

आता ऐक, हे मला महत्त्वाचं आहे. दुसऱ्या का तिसऱ्या सकाळी काकू मागच्या दारानं माझ्याकडं आल्या. बसल्या नाहीत. म्हणाल्या, शांते, हे पूजेला बसतेत ना, डाव्या तळहातावर लिंग घेतेत, नजर लावतेत, तवा हात हलत न्हाई. अजिबात न्हाई. आणि लिंग डबीत ठेवल्यावरबी पाटावरनं उठेपर्यंत हात शांत असतो. त्या कितीतरी दिवस हे बघत होत्या आणि कुणाला बोलल्या नव्हत्या. कारण बोललं की पुढचं उघड होतं. चाकू आणि मासा देवघरात येणार. ज्या तळहातावर आत्ता देव होता, त्याच तळहातावर मासा. ज्या बाईनं आयुष्यभर मासा उंबऱ्याबाहेर ठेवला, तिला हे ठरवायचं होतं. त्या मला विचारायला आल्या होत्या, पण माझं उत्तर ऐकायला थांबल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी बेल घेऊन त्यांच्याकडं गेले होते, म्हणून डोळ्यांनी बघितलं. अप्पांनी पूजा संपवली, लिंग डबीत ठेवलं, डोळे उघडले. पाटाशेजारी घोंगडीचा तुकडा अंथरलेला, त्यावर पांगऱ्याचा ठोकळा आणि चाकू. काकूंनी स्वतःच्या हातानं आणून ठेवलेले.

"देवाम्होरं मासा?" अप्पा म्हणाले.

"लाकूड हाय ते. मासा तुमी करणार." काकूंनी समईची वात सारली. "आन् बोलत बसू नका. हात परत हलाय लागंल."

अप्पांनी हाताकडं बघितलं. हात दगडासारखा स्थिर. मग त्यांनी ठोकळा उचलला.

तेव्हापासून रोज सकाळी पूजेनंतर पाटावरनं न उठता थोडंसं काम व्हायचं. थरथर सुरू झाली की चाकू खाली. कधी नुसता एक कल्ला व्हायचा, कधी तेवढाही नाही. काकू समोर बसून असायच्या. पुढं पुढं कापसाचा पुंजका त्याच फिरवायला लागल्या, आणि सांगते तुला, त्यांचा हात अप्पांपेक्षा कडक निघाला. अप्पा झालं म्हणायचे, त्या पुंजका दाखवायच्या. एक तंतू अडकलेला असायचा. अप्पा कुरकुरायचे, "इतकी वर्षं उंबऱ्याबाहेर ठेवलीस आन् आता त्याची सासू झालीस."

दुसऱ्यांदा साचा केला तेव्हा काकू व्हॅसलीनची डबी मांडीवर घेऊन दारातच बसल्या. रंगूनं रबराचा डबा उचलला की विचारायच्या, लावलं का? लावलं, काकू. दावा. त्याला दाखवावं लागायचं. दोन फाका सुट्या झाल्या तेव्हा जीभ टाळूवरनं सुटावी एवढाच आवाज आला. आत मूळपुरुष अख्खा, आणि रबरात त्याचं खवलं न् खवलं. रंगूनं दोन बाटल्यांचं औषध मिसळून रिकाम्या साच्यात ओतलं, त्याचा फेस फुगला, कडक झाला, आणि लाकडाइतका हलका मासा बाहेर आला. अप्पांनी तो बोटावर तोलला. पाण्यानं सांगायचं बाकी होतं.

हौदात तो नीट तरंगला, पण चाल कळायला लांब पाणी लागतं. म्हणून अप्पा आयुष्यात पहिल्यांदा मासेमारीच्या जागी, धरणाच्या काठावर आले. काकू आल्या, मीही दुकानाला कुलूप लावून गेले. रंगूनं माशाला गळ लावलाच नव्हता. त्यानं काठी मागं नेऊन मासा लांब फेकला आणि काठीचं रीळ फिरवायला लागला. मासा निघाला. डावीकडं, उजवीकडं, डावीकडं, उजवीकडं. रंगूनं भीतभीत मागं बघितलं.

"चालतोय," अप्पा म्हणाले. "पण नोकरीला चालल्यासारखा."

रंगूचा चेहरा उतरला. त्यानं पुन्हा फेकला, हळू ओढला, जोरात ओढला. तसाच. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं काठी अप्पांच्या हातात दिली आणि स्वतः पुढं वाकून रीळ फिरवत राहिला. अप्पा नको नको म्हणत होते, "अरे, हात बघतोस का माझा." आणि हात हलतच होता, नेहमीसारखा, थांबवता न येणारा. ती थरथर काठीत उतरली, काठीच्या शेंड्यातून दोऱ्यात गेली, आणि तिकडं लांब पाण्यात मासा जिवंत झाला. खरंच सांगते. कचरला, दचकला, थबकला, अंग चोरून पळाला, पुन्हा वळून बघितल्यासारखं केलं. त्याच्या मागं पाणी फुगलं आणि एका मरळीची काळी पाठ वर येऊन गेली.

रंगूचा हात रिळावरच थांबला. "अप्पा," तो म्हणाला, "मला न्हाई असा चालवता येत."

अप्पा त्याच्याकडं बघत नव्हते, पाण्याकडं बघत होते. "थांबलास कावून बे? फिरव की." रंगूनं फिरवलं. परत फेकला, परत फिरवलं. ऊन उतरलं, काकूंनी दोनदा घरी चला म्हटलं, आणि दुसऱ्यांदा म्हणताना त्याही पदर डोळ्यांवर आडवा धरून पाण्याकडंच बघत होत्या. अप्पांनी काठी सोडली नाही. धोतराचा सोगा ओला झालेला, विभूती घामानं पुसलेली, आणि तो थरथरणारा हात पुढं केलेला, असे ते काठावर उभे. माझ्या डोळ्यांपुढं अप्पा येतात ते असेच. पुढं ते अंथरुणाला लागले ते दिवस मी बघितले, पण ते मनात धरत नाही.

रंगू आता साच्यातून मासे काढतो, भोईवाड्यातले सगळे तेच वापरतात. काकू दुकानात बसतात. गिऱ्हाइकाला मासा दाखवल्याशिवाय दावं देत नाहीत.

तेव्हा आता ये. लवकर ये, धरणाला पाणी आहे तोवर. चढतानाच कंडक्टरला सांगून ठेव की वडवणी आली की उठवा, आणि त्यांनी नाही उठवलं तर सिरसाळ्याहून उलट्या बसनं ये. काकू तुझी आठवण काढतात. मी चहाचं आधण ठेवून वाट बघते.